थर्मामीटर कोणी लावायचा?

काठेवाडातल्या एका खेड्यातील अस्पृश्य शिक्षकाचे पत्र १२ डिसेंबर १९२९ च्या 'यंग इंडिया'त छापून आले. साप्ताहिक गांधींचे होते. पण त्या पत्राला खरा वाचक मिळाला तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या रूपाने. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या छोट्या आत्मकथनात बाबासाहेबांनी स्वतःला सोसाव्या लागलेल्या अपमानांच्या शेजारी हे पत्र ठेवले. त्यात शिक्षकाचे नाव नाही, डॉक्टरचेही नाही. नाव कळले तर आपल्यावर सूड उगवला जाईल, ही शिक्षकाची भीती होती.

हकीगत अशी. शिक्षकाची पत्नी ५ तारखेला बाळंत झाली आणि ७ तारखेला आजारी पडली. जुलाब सुरू झाले, छाती सुजली, श्वास लागला, बरगड्यांत कळा येऊ लागल्या. नवरा डॉक्टरकडे गेला. डॉक्टर म्हणाला, मी तुमच्या घरी येणार नाही आणि मुलाला तपासणारही नाही. नवऱ्याने नगरशेठचे आणि गरासिया दरबाराचे पाय धरले. डॉक्टरच्या दोन रुपये फीला नगरशेठ जामीन राहिला, तेव्हा कुठे डॉक्टर निघाला. तोही एका अटीवर: रोग्याला वस्तीच्या बाहेर आणा. ओल्या बाळंतिणीला तान्ह्या पोरासकट वस्तीबाहेर आणले गेले. डॉक्टरने आपला थर्मामीटर एका मुसलमानाच्या हाती दिला, मुसलमानाने नवऱ्याच्या हाती दिला, नवऱ्याने तो बायकोला लावला. मग त्याच वाटेने तो परत गेला. रात्रीचे आठ वाजले होते. दिव्याच्या उजेडात पारा बघून डॉक्टर म्हणाला, न्यूमोनिया आहे. एवढे बोलून तो गेला आणि औषध पाठवले. नवऱ्याने बाजारातून जवस आणून उपचार केले. दोन रुपये देऊनही डॉक्टर पुन्हा फिरकला नाही. पत्र लिहिले त्या दिवशी दुपारी दोन वाजता ती बाई मेली.

बाबासाहेबांनी यावर फार थोडे लिहिले आहे. शिकलासवरलेला डॉक्टर आपल्या पेशाचा धर्म बाजूला सारतो आणि त्याचे मन त्याला खात नाही, एवढे नोंदवून ते पुढे जातात. वर्गात हा प्रसंग सांगितला की विद्यार्थी डॉक्टरला शिव्या देतात आणि तेही पुढे जातात. मला मात्र दर वेळी त्या काचेच्या नळीपाशी थांबावे लागते. डॉक्टरने थर्मामीटर लावायचे नाकारले, असे आपण म्हणतो. पण थर्मामीटर लागला. अंगातला ताप मोजला गेला, आकडा डॉक्टरच्या डोळ्यांपर्यंत पोचला, कदाचित तो बरोबरही असेल. मग राहिले काय?

दवाखान्यात काम केलेल्या कोणालाही 'टी. पी. आर.' हा शब्द ठाऊक असतो. टेंपरेचर, पल्स, रेस्पिरेशन: ताप, नाडी आणि श्वास. नर्सच्या हाताखाली काम शिकणाऱ्या मुलीला पहिल्या आठवड्यात हेच शिकवतात, आणि ही तीन मोजमापे एका दमात, एकाच खाटेपाशी उभे राहून करायची असतात. या तिघांतला ताप तेवढा काचेत बंद करून एका हातातून दुसऱ्या हातात देता येतो. नाडी देता येत नाही. तिच्यासाठी मनगट धरावेच लागते. श्वास मोजायला रोग्याच्या छातीकडे पूर्ण मिनिटभर बघत राहावे लागते. न्यूमोनियात तर भराभर चालणारा श्वास हेच मोठे लक्षण, आणि छाती ठोकून, कान देऊन तपासल्याखेरीज त्याचे निदान करू नये, हे त्या काळच्या कोणत्याही डॉक्टरला शिकवलेले असे. काठेवाडच्या डॉक्टरने टी घेतला. पी आणि आर त्याने जातीला अर्पण केले. जातिव्यवस्थेच्या भिंतीतून जेवढे विज्ञान पलीकडे जाऊ शकत होते तेवढेच त्या बाईच्या वाट्याला आले.

त्या साखळीतला मुसलमान कोण होता, हे पत्रातून कळत नाही. तो वैद्य नव्हता, नातलग नव्हता. त्याला मध्ये उभे केले होते ते विटाळ अडवण्यासाठी. जंतू घालवायला स्पिरिट लागते. विटाळ घालवायला एक मुसलमान पुरला! आणि त्या रात्री परिचारकाचे काम कोणी केले? नवऱ्याने. पारा आधी झटकून उतरवायचा, नळीचे टोक नीट टेकले आहे की नाही ते बघायचे, किती वेळ ठेवायचे, हे त्याला कोणी शिकवले होते? तो शिक्षक होता, लिहू-वाचू शकत होता. तरीही नळीवरचा आकडा त्याला विचारला गेला नाही. बायकोच्या अंगात किती ताप आहे हे वाचण्याचा अधिकार दिव्याजवळ उभ्या असलेल्या माणसाचा होता. हात एकाचा आणि आकडा दुसऱ्याचा, ही वाटणी त्या रात्री झाली. ती केवळ त्या रात्रीपुरती होती असे मात्र समजू नये.

इथल्या प्राचीन वैद्यकाला स्पर्शाची भीती होती काय? ग्रंथ तरी तसे सांगत नाहीत. रोग्याला पाहावे, स्पर्श करावा, प्रश्न विचारावेत, अशी तिहेरी परीक्षा वाग्भटाने सांगितली आहे. अंग गरम की गार, मऊ की कठीण, हे हाताने बघावे असे चरकसंहिता सांगते. चरकाने चिकित्सेचे चार पाय मानले: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. परिचारकाला म्हणजे खाटेपाशी राबणाऱ्याला त्याने नोकराच्या यादीत टाकले नाही, चिकित्सेचा एक पाय मानले. आणि त्याच्याकडून उपचाराचे ज्ञान, दक्षता, रोग्याविषयी जिव्हाळा आणि स्वच्छता या चार गुणांची अपेक्षा केली. यात ज्ञान पहिले आहे, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

मनुस्मृतीला हे मानवले नाही. तिने वैद्याला श्राद्धाच्या पंगतीतून उठवले आणि त्याचे अन्न पुवासमान ठरवले. देवीप्रसाद चट्टोपाध्याय यांनी १९७७ च्या आपल्या ग्रंथात या वैराची सविस्तर मांडणी केली आहे. रोग्याच्या रक्तपुवाला हात लावणारा, कोणत्याही जातीच्या माणसाजवळ बसणारा आणि डोळ्यांनी पाहिलेल्यावर विश्वास ठेवणारा माणूस वर्णव्यवस्थेला परवडणारा नव्हता. पुढे वैद्यकी उच्चवर्णीयांच्या घरात प्रतिष्ठित झाली खरी; पण तिला घरात घेताना हाताला सोवळे नेसवले गेले.

या ठिकाणी विनयपिटकातल्या एका प्रसंगाची आठवण होते. एक भिक्खू अतिसाराने आपल्याच घाणीत लोळत पडला होता आणि इतर भिक्खू त्याच्याकडे बघत नव्हते. बुद्धाने आनंदाकडून पाणी आणवले, दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून खाटेवर निजवले. माझी सेवा करू इच्छिणाऱ्याने आजाऱ्याची सेवा करावी, असे त्याने नंतर संघाला सांगितले. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात आजाऱ्यांविषयीच्या बुद्धाच्या आस्थेला स्वतंत्र जागा दिली आहे. विनयात शुश्रूषा करणाराचे जे गुण सांगितले आहेत त्यांत मलमूत्राची आणि ओकारीची किळस न करणे हा एक आहे, तसाच रोग्याला काय हितकारक आणि काय अहितकारक हे ओळखता येणे हाही आहे. घाणीला लागणारा हात आणि समजणारे डोके ही तिथे एकाच माणसाची आहेत. वर्णव्यवस्थेने पुढे यांचीच फारकत केली.

नाडीपरीक्षेचा थोडा फाटा फोडतो. चरकात नाडीपरीक्षा नाही. ती शार्ङ्गधरसंहितेत, म्हणजे बऱ्याच उशिरा येते. नंतर मात्र नाडी हा वैद्याच्या मोठेपणाचा विषय झाला. राणीच्या मनगटाला दोरी बांधून पडद्याआडून नाडी ओळखणाऱ्या वैद्यांच्या आख्यायिका आजही चवीने सांगितल्या जातात. त्या खऱ्या की खोट्या, हा मुद्दा नाही. राणीला शिवायचे नाही कारण ती फार वर. आमच्या बाईला शिवायचे नाही कारण ती फार खाली. राणीसाठी निदान दोरीची कथा तरी रचली गेली. आमच्या बाईसाठी तेवढीही कोणी रचली नाही.

याच समाजात कितीतरी सवर्ण मुलांना जन्मल्याबरोबर झालेला पहिला मानवी स्पर्श अस्पृश्य बाईचा असे. महाराष्ट्रात मांग बायका सुईणपण करीत, उत्तरेत अनेक ठिकाणी चांभार जातीच्या दाया नाळ कापीत. बाळंतिणीचे रक्त आणि वार ज्या हाताने काढायची, त्या हाताला नंतर उंबरठ्याच्या आत पाण्याचा तांब्याही मिळत नसे. तिला पोट दाबून मूल आडवे की उभे हे कळत होते, अंगाला हात लावून बाळंतज्वर ओळखता येत होता. पण त्याला ज्ञान म्हणायचे नाही, असे ठरलेले होते. आणि तिच्या स्वतःच्या बाळंतपणाचे काय? जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता या मांग मुलीने १८५५ मध्ये 'ज्ञानोदया'त प्रसिद्ध झालेल्या निबंधात हेच विचारले होते. आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या घरावर छप्परही नसते, त्यांना रोग झाला तर वैद्याला आणि औषधाला पैसे कुठून आणायचे, फुकट औषध देणारा वैद्य तुमच्यात कोणी झाला काय, असा तिच्या म्हणण्याचा आशय आहे. त्यानंतर ७४ वर्षांनी काठेवाडच्या शिक्षकाकडे दोन रुपये होते, जामीन होता, डॉक्टरही आला होता. मुक्ताच्या प्रश्नातली पैशाची अडचण सुटली तरी दुसरी अडचण तशीच होती.

आता त्या नळीकडे वळू. अंगाचा ताप हाताने न मोजता यंत्राने मोजावा ही कल्पना युरोपात १७ व्या शतकापासून होती. इटलीतल्या सांतोरिओने तसे प्रयोग केले. फॅरेनहाइटने १७१४ मध्ये पाऱ्याचा तापमापक केला. पण रोज, प्रत्येक रोग्याचा, ठरलेल्या वेळी ताप घ्यायचा आणि लिहून ठेवायचा, ही शिस्त लावली ती लाइपझिगच्या वुंडरलिखने. त्याचा ग्रंथ १८६८ मध्ये निघाला. सुमारे २५ हजार रोगी आणि दहा लाखांच्या घरातल्या नोंदी त्याच्या पाठीशी होत्या. त्याचा तापमापक जवळजवळ फूटभर लांब असे आणि काखेत वीस-वीस मिनिटे धरावा लागे. दहा लाख वेळा काखेत नळी धरून बसलेले ते लोक कोण होते, याची आठवण ग्रंथांच्या इतिहासात फारशी नाही. इंग्लंडच्या क्लिफर्ड ऑलबटने १८६६-६७ च्या सुमारास सहा इंची, पाच मिनिटांत काम करणारा थर्मामीटर आणला आणि हे काम सोपे झाले. सोपे झाले तसे ते डॉक्टरच्या हातून निसटले आणि १९ वे शतक संपता संपता नर्सच्या हाती आले. तिथल्या नर्सला हे काम मिळणे ही एक प्रकारची बढती होती. सांगितलेले करणारी बाई आता पाहून, मोजून, लिहून ठेवणारी झाली. आलेखावरची वर चढणारी रेघ तिची असे, आणि डॉक्टर खाटेपाशी येऊन प्रथम ती रेघ वाचत असे.

हे तंत्र इंग्रजांबरोबर आपल्याकडे आले. त्याबरोबरची बढती मात्र इथल्या जातीच्या जिन्यावर अडकली.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवीला प्लेग निघाला आणि फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगांचा कायदा आला. रेल्वे स्टेशनांवर उतारूंना खाली उतरवून ताप आहे का, काखेत-जांघेत गाठ आहे का, हे तपासू लागले. त्या तपासणीतले अत्याचार खरे होते, आणि रँडच्या खुनाच्या निमित्ताने आपला इतिहास ते वारंवार सांगतो. पण त्याच रोषात दुसरी एक तक्रार मिसळलेली होती, ती कमी सांगितली जाते: सरकारी इस्पितळात कोणाच्याही शेजारी खाट मिळेल, कोणीही अंगाला हात लावील, कोणाच्याही हातचे पाणी प्यावे लागेल. सरकार नमले आणि जातवार, धर्मवार खाजगी प्लेग इस्पितळांना परवानगी मिळाली. प्रत्येक जातीला आपल्या हाताने आपला ताप बघता यावा, ही सोय झाली. ज्यांच्याकडे इस्पितळ उभारायला पैसा नव्हता त्यांचा ताप कोणी बघायचा?

पुण्याबाहेर हडपसरजवळ ससाण्यांच्या माळावर डॉ. यशवंतरावांनी काढलेला दवाखाना या पार्श्वभूमीवर पाहावा. मुंढव्याच्या महारवाड्यातला पांडुरंग बाबाजी गायकवाड हा प्लेग झालेला मुलगा सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन तिथे आणला, असे चरित्रकार सांगतात. त्यातच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. तापाने फणफणलेले पोर पाठीवर घेतलेल्या बाईला थर्मामीटरची गरज नसते; तो ताप तिच्या स्वतःच्या पाठीला लागत असतो.

१९१८ च्या इन्फ्लुएन्झात मुंबई शहरात दर हजारी किती माणसे मेली याचे जातवार आकडे उपलब्ध आहेत. युरोपियन ८.३, पारशी ९, सवर्ण हिंदू १८.९ आणि ज्यांना तिथे खालच्या जातीचे हिंदू म्हटले आहे ते ६१.६. विषाणू जात ओळखत नाही, असे म्हणण्याची पद्धत आहे. चाळीची खोली, उपाशी पोट आणि खाटेपाशी कोणी आहे की नाही हे तो चांगले ओळखतो. ज्यांचा जिवंतपणी ताप कोणी मोजला नाही, त्यांची प्रेते मात्र दशांश चिन्हापर्यंत मोजली गेली.

यानंतरचा इतिहास इस्पितळाच्या आतला आहे. नर्सिंगकडे सवर्ण हिंदू घरातल्या मुली दीर्घकाळ वळल्या नाहीत. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, रात्रपाळी करायची, घाण उपसायची, आणि तीही कोणत्या जातीची कोण जाणे! वॉनलेस यांनी १८९४ मध्ये उभारलेल्या मिरजेच्या मिशन इस्पितळासारख्या ठिकाणी ख्रिस्ती मुली हे काम शिकल्या. त्यांच्यातल्या कितीतरी जणींची एक-दोन पिढ्यांपूर्वीची जात आपल्याला परकी नाही. भोर समितीने १९४६ मध्ये हिशेब मांडला तेव्हा साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात ७ हजारांच्या आसपास नर्सेस होत्या, म्हणजे सुमारे ४३ हजार माणसांमागे एक. एवढ्या थोड्या हातांनी इस्पितळे कशी चालली? त्याचे उत्तर समितीच्या तक्त्यात शोधू नये. ती चालली वॉर्डबॉयच्या, आयाच्या, मेहतरांच्या हातांनी. 'मामा' आणि 'मावशी' या नात्याच्या नावांनी हाक मारून ज्यांच्याकडून वॉर्डातले सगळे करून घेतले जाते, त्यांच्या हातांनी.

वॉर्डात स्पर्शाची उतरंड डोळ्यांना सहज दिसते. बेडपॅन मावशीने द्यायचे. चादर मावशीने बदलायची. ओकारी तिनेच पुसायची. थर्मामीटर सिस्टरने किंवा शिकाऊ नर्सने लावायचा, कारण त्याच्याशी आकडा जोडलेला आहे आणि आकडा कागदावर जातो. आता कौशल्याचा विचार केला तर थर्मामीटर लावणे बेडपॅन देण्यापेक्षा अवघड नाही. पाऱ्याचा थर्मामीटर असताना नियम एवढे होते: मनगटाला झटका देऊन पारा ९५ च्या खाली उतरवा, रोगी शुद्धीवर असेल तर जिभेखाली ठेवा, लहान मूल असेल किंवा बरळत असेल तर काखेत, चहा किंवा थंड पाणी प्यायला असेल तर पंधरा-वीस मिनिटे थांबा, काखेचा आकडा तोंडातल्यापेक्षा अर्धा-एक अंश कमी भरतो हे लक्षात ठेवा, तीन मिनिटे घड्याळ बघा, डोळ्यांसमोर आडवा धरून वाचा, पुसा, लिहा. जुन्या नळ्यांवर ९८.४ च्या जागी बाण असायचा. बाई अंगठेबहाद्दर असली तरी बाणाच्या वर की खाली हे तिला कळत होते. तरीही ती नळी तिच्या हाती पडायची ती बहुधा फुटल्यावरच. फरशीवर पळणारे पाऱ्याचे मणी कागदाच्या कपट्याने, नाहीतर बोटांनी गोळा करणे हे मावशीचे काम. पारा विषारी आहे, म्हणून २०१३ चा मिनामाता करार झाला, भारताने तो २०१८ मध्ये मान्य केला, आणि आता दवाखान्यांतून त्या नळ्या जवळपास गेल्या आहेत. ज्या बोटांनी पारा गोळा केला त्यांचे पुढे काय झाले, याची नोंद कोणत्या केसपेपरवर असणार?

माझी आई एका सरकारी इस्पितळात २२ वर्षे आया होती, म्हणून या गोष्टी मला पुस्तकाबाहेरही ठाऊक आहेत. उलट्या हाताने कपाळ बघून ती एकशेतीन म्हणे आणि थर्मामीटर तिला फारसा खोटा पाडत नसे. रात्रपाळीला एकच नर्स आणि साठ खाटा असत, तेव्हा तीच नळी घेऊन खाटेखाटेला फिरे, आकडे पाठ करी आणि टेबलापाशी येऊन नर्सला सांगे. नर्स लिही. सकाळी राउंडला आलेल्या डॉक्टरांसमोर त्या आकड्यांखाली सही नर्सची असे, आणि ते योग्यही होते, कारण जबाबदारी तिची होती. पण पाळी बदलताना हीच आई सिस्टरांच्या खोलीतल्या माठातले पाणी स्वतःच्या हाताने घेत नसे. तसा नियम लिहिलेला कुठेच नव्हता. मी कधी विचारले तर ती म्हणे, "आपल्याला कशाला पायजे उगं?" माझ्या फीचे पैसे त्याच पगारातून आले, तेव्हा अधिक काय लिहू?

हा सगळा जुना काळ झाला, असे कोणी म्हणेल. २००६ मध्ये घनश्याम शहा, हर्ष मंदर, सुखदेव थोरात आदींनी ग्रामीण भारतातल्या अस्पृश्यतेवरचा आपला अभ्यास प्रसिद्ध केला. ११ राज्यांतल्या ५६५ खेड्यांची त्यात पाहणी आहे. त्यांतल्या ३३ टक्के खेड्यांत सरकारी आरोग्यसेवक दलितांच्या घरात पाऊल टाकायला तयार नव्हते. म्हणजे दर तीन गावांतल्या एका गावात काठेवाडच्या डॉक्टरची अट शिल्लक होती. फक्त तिच्यासाठी मधे मुसलमान उभा करावा लागत नव्हता. येणेच टाळले की पुरे.

आणि मग २०२० आले. साऱ्या जगाला एकमेकांना शिवायची भीती वाटू लागली. न शिवता ताप सांगणारे इन्फ्रारेडचे पिस्तूल बाजारात आले आणि त्याला पिस्तूल, गन, हेच नाव पडले. टाळेबंदी सैल झाल्यावर शहरांतल्या सोसायट्यांच्या फाटकांवर कामवाल्या बायकांची रांग लागली. वॉचमन कपाळावर ते पिस्तूल रोखी, आकडा बघे आणि आत सोडी. पिस्तूल धरणारा कंत्राटी, समोरची बाई घरकामगार. एकाच वस्तीतली दोन माणसे एकमेकांचा ताप मोजत होती, आणि मोजायचा होता तो आतल्यांच्या सुरक्षेसाठी. तिला ताप निघाला तर तिच्यासाठी औषध कुठे होते? तो आकडा तिच्या उपयोगाचा नव्हताच. त्या दिवसांत 'सोशल डिस्टन्सिंग'चे मराठी भाषांतर करताना 'सामाजिक अंतर' हे शब्द किती सहज वापरले गेले! ज्यांनी हे अंतर पिढ्यान्‌पिढ्या आपल्या अंगावर मोजले त्यांना ते शब्द ऐकताना काय वाटले असेल, हे विचारायची कोणाला गरज वाटली नाही.

त्याच वर्षी १५ सप्टेंबरपासून महाराष्ट्र सरकारने 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम सुरू केली. घरोघर जाऊन प्रत्येकाचा ताप आणि रक्तातला प्राणवायू मोजायचा होता. हे काम कोणी केले? आशा सेविकांनी. त्यांत आपल्या वस्त्यांतल्या बायका पुष्कळ होत्या. त्यांच्यापैकी एकीशी मी बोललो. पाटलाच्या वाड्यात तिला आयुष्यात पहिल्यांदा ओसरीच्या आत बोलावले गेले होते, ते म्हातारीचा ताप बघायला. म्हातारीने कपाळ पुढे केले. यंत्र लांबूनच धरायचे होते, पण म्हातारीचा हात थरथरत होता म्हणून प्राणवायूचा चिमटा बोटाला लावताना हिने तो हात आपल्या हातात धरला. मग आकडा वाचला, स्वतःच्या हाताने वहीत लिहिला, आणि म्हातारीच्या सुनेला सांगितले की यांना आजच्या आज तालुक्याला न्या. सुनेने ऐकले.

मोहिमेतल्या त्या कामाचा मोबदला काय होता? कोविडच्या कामासाठी केंद्राकडून आशांना महिन्याला एक हजार रुपये मिळत होते, म्हणजे दिवसाला सुमारे ३३ रुपये. त्या सरकारच्या नोकर नाहीत, स्वयंसेविका आहेत, असे कागदोपत्री ठरले आहे. म्हणून त्यांना पगार नाही, मानधन आहे. जून २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या हजारो आशा संपावर गेल्या. आठवडाभराने मानधनात महिना एक हजाराची वाढ आणि ५०० रुपयांचा कोविड भत्ता कबूल झाला, तेव्हा त्या पुन्हा कामावर आल्या. पाटलाच्या वाड्यातली ती म्हातारी वाचली की नाही, हे मी त्या बाईला विचारले. तालुक्याला नेली, आठ दिवस ठेवली, घरी आली, असे ती म्हणाली. नंतर ओसरीच्या आत बोलावणे आले का, असे विचारले तेव्हा ती हसली आणि वही मिटून दुसऱ्या घराकडे निघाली; अजून तेवीस घरे राहिली होती.